अनुभव: जपानमधलं एखादं छोटंसं गाव

रानजाई
तुळशीचं लग्न चार दिवसांवर आलं म्हणून काल वृंदावनाला गेरू लावायला घेतला. वाटीत गेरू कालवला, बोटं लालभडक झाली आणि एकदम जपानमधलं फुकिया आठवलं. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून आज दुपारची आवराआवर टाकून लिहायला बसले.

२०१६ मध्ये नवऱ्याच्या कामामुळे तीन महिने ओकायामाला होतो. पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय, ती बाग या ओकायामातलीच. शहर पहिल्या पंधरा दिवसांत पायाखालून गेलं. मग शेजारच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, इथे जा. गाडीने बिच्चू-ताकाहाशी स्टेशन, तिथून बसने साधारण तासभर घाट. बसमध्ये मी, ड्रायव्हर आणि दवाखान्यातून परत निघालेले एक आजोबा. ते मधेच उतरले, मग आम्ही दोघंच.

फुकिया म्हणजे डोंगरातली एक वळणाची गल्ली. आणि ती सगळी गेरूच्या रंगाची! भिंती तांबड्या, खिडक्यांचे उभे लाकडी गज तांबडे, कौलंसुद्धा तांबूस. आपल्याकडे सारवलेल्या अंगणाला कड काढतात ना, तसं कोणीतरी अख्खं गाव गेरूत बुडवून काढलंय असं वाटलं. तिथे तांब्याच्या खाणी होत्या. खाणीतून तांब्याबरोबर लोखंडाचा जो दगड निघे, तो भाजून, त्यातून निघालेले खडे पुन्हा भाजून हा लाल रंग करत. तो किती पाण्यांतून धुवायचा त्याला गणतीच नाही, कारण त्यातली आंबट धग पूर्ण गेली पाहिजे. मग जात्यावर दळायचा, फळ्यांवर पसरून उन्हात वाळवायचा. देवळं, लाखेची भांडी, चिनीमातीवरची लाल नक्षी, सगळीकडे इथला रंग जायचा. गाव श्रीमंत झालं ते तांब्यापेक्षा या रंगावर. हे सगळं तिथल्या जुन्या कारखान्यात मांडून ठेवलंय. मी जात्याच्या खाचेत बोट घातलं तर अजून लाल लागलं.

रंगाचं नाव बेंगारा. एका छोट्या चहाच्या दुकानात आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या. कुठून आलीस? मी म्हटलं, इंदो, म्हणजे भारत. त्यांनी भिंतीवर हात थापटला आणि म्हणाल्या, "बेंगारा! इंदो!" मला काही कळेना. त्यांनी नातवाला फोन लावून त्याच्याकडून इंग्रजीत सांगवलं की हे नाव बंगालवरून पडलं, हा रंग पूर्वी तुमच्या देशातून यायचा. मी त्या भिंतीला हात लावून उभी राहिले. आमच्या आजीच्या वृंदावनाची भिंत होती ती, मला दुसरं काही सुचलंच नाही.

आणि मग बस चुकली. वेळापत्रकात कामाच्या दिवसांचा रकाना वेगळा, सुट्टीचा वेगळा, मी भलताच वाचला होता. नोव्हेंबर, पाच वाजता काळोख. आजींनी दुकान बंद केलं, यजमानांना हाक मारली, आणि त्या आजोबांनी आपल्या पांढऱ्या छोट्या ट्रकमधून मला स्टेशनपर्यंत सोडलं. मागे मुळ्यांच्या जुड्या होत्या. पूर्ण रस्ताभर आम्ही एक शब्द बोललो नाही, भाषाच नव्हती. उतरताना पैसे पुढे केले तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. पर्समध्ये आईने दिलेल्या तिळाच्या वड्या होत्या, त्या दिल्या. त्यांनी तिथेच एक तोंडात टाकली आणि "गोमा! गोमा!" म्हणत हसले. गोमा म्हणजे तीळ.

तोक्यो-क्योतोबद्दल सगळेच लिहितात. तुम्ही कोणी जपानच्या अशा लहान गावात गेला असाल तर सांगा. काय पाहिलं, काय खाल्लं, कोण भेटलं.

खडीसाखर
रुमाल टाकून ठेवते. कुकर लावलाय.

दुपारचा_चहा
रानजाई, गेरू तुला मिळतो कुठे? इथे न्यू जर्सीत मी तीन वर्षं शोधतेय. शेवटी कुंड्यांचा रंग आणून लावला, पण त्याला तो ओल्या मातीचा वास नाही गं.

रानजाई
@दुपारचा_चहा मंडईत पूजासाहित्याच्या दुकानात. ताई येणार आहे जानेवारीत तुमच्याकडे, तिच्याबरोबर पुडी पाठवते. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) कर.

नीलपंख
किनोसाकी. सासूबाईंना घेऊन गेले होते, त्या तेव्हा ६८ वर्षांच्या. ओसाकाहून गाडीने अडीच-पावणेतीन तास. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत गरम झऱ्यांची. मुक्कामाच्या ठिकाणी युकाता (सुती किमोनो) आणि लाकडी गेता (खडावा) देतात, ते घालून अख्खं गाव संध्याकाळी या न्हाणीतून त्या न्हाणीत हिंडत असतं. मधून ओढा, काठाला विलोची झाडं, दगडी कमानीचे छोटे पूल. रात्री सगळीकडून खटाक् खटाक्. तो आवाज मला अजून झोपेत येतो.

खरी गोष्ट पुढे आहे. तिथे बायकांच्या न्हाणीत अंगावर कपडा चालत नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मगच कुंडात उतरायचं. छोटा पंचा असतो, तोही पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवतात. सासूबाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की जमलं नाही तर बाहेर बसू, मी एकटी जाईन. त्या काही बोलल्या नाहीत. दारात पोचल्यावर म्हणाल्या, "लहानपणी आम्ही नदीवर सगळ्या एकत्रच न्हायचो की, त्यात काय." आणि माझ्या आधी आत!

बाहेरच्या उघड्या कुंडात आम्ही बसलो होतो. वरून बारीक पाऊस, गळ्यापर्यंत गरम पाणी. त्यांच्या पाठीवर ऑपरेशनचा मोठा व्रण आहे, तो मी लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिला. त्या ऑपरेशनच्या वेळी घरात काय परिस्थिती होती, कोणी डबा आणला, कोण आलं नाही, हे सगळं त्यांनी मला तिथे पाण्यात बसून सांगितलं. शेजारच्या एक जपानी आजी मधेच त्यांच्या खांद्यावर ओंजळीने पाणी घालत होत्या. भाषा एक अक्षर नाही.

सातपैकी चार न्हाण्या केल्या आम्ही. गुडघे दोन दिवस दुखले नाहीत असं त्या आजही सांगतात.

खडीसाखर
नीलपंख, डोळ्यात पाणी आलं. भात करपला तरी चालेल.

पाणकोंबडी
खाण्याचं कोणीतरी बोला. शाकाहारी माणसाने लहान गावात काय करायचं? मला एका ठिकाणी भाज्यांचं सूप म्हणून दिलं, त्यावर माशाचे सुकवलेले पापुद्रे वाफेने हलत होते. मी घाबरून वाटी खालीच ठेवली.

सांडशी
@पाणकोंबडी दाशी. तो तिथल्या रस्स्याचा पाया, बहुतेक वेळा बोनितो माशाचा. नुसतं "मांस नको" म्हटलं तर ते मासा घालतातच, कारण त्यांच्या लेखी मासा म्हणजे मांस नाही. जपानीत चिठ्ठी लिहून न्यायची: मांस नको, मासा नको, माशाचा दाशीही नको. मी चार घड्यांची चिठ्ठी पाकिटात ठेवते. आणि दुकानात ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी गोळे, मिळतात त्यात उमेबोशीचा घ्यायचा, आंबटखारट, मुरलेल्या लोणच्यातली फोड भातात दाबल्यासारखा. मेतकूट न्यायचं बरोबर. गरम चिकट भात आणि मेतकूट, बास.

पाणकोंबडी
मेतकूट! हे कसं सुचलं नाही. धन्यवाद गं.

कातळ
रानजाई ताई, तुम्ही ताकाहाशीला उतरलात आणि किल्ला न बघता फुकियाला गेलात? स्टेशनच्या मागच्या डोंगरावर बिच्चू-मात्सुयामा किल्ला आहे. जपानात जुने, मूळचे बुरूजवाडे फक्त १२ किल्ल्यांवर उरलेत, बाकीचे पुन्हा बांधलेले. त्या १२ मधला हा सगळ्यात उंचावरचा, ४३० मीटर. बाकीचे बहुतेक सपाटीवर किंवा टेकाडावर. गाडीरस्ता संपला की वीसेक मिनिटांची चढण, झाडीतून.

मी सह्याद्रीत वाढलेला माणूस, त्यामुळे तिथली दगडी भिंत बघून पाय तिथेच थांबले. मूळ कातळ तसाच ठेवून त्याच्या डोक्यावर चिरे रचत नेलेत. कातळ कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते बोट फिरवून शोधावं लागतं. राजगडाच्या बालेकिल्ल्याची आठवण झाली. वरचा वाडा मात्र लाकडी, लहानसा, आत थंडीसाठी शेगडीचा खड्डा.

आणि तिथे मांजर आहे, संजुरो. २०१८ च्या जुलैमध्ये त्या भागात भयंकर पूर आला होता, त्यानंतर हा बोका कुठून तरी किल्ल्यावर येऊन राहिला. लोकांनी त्याला गडाचा मालकच करून टाकलं. पुरानंतर माणसं यायची थांबली होती, ती त्याला बघायला परत यायला लागली. मी गेलो तेव्हा स्वारी पायरीवर उन्हात पसरली होती. तिकीट तपासणाऱ्या काकांनी त्याच्यासाठी छत्री लावून ठेवलेली.

रानजाई
@कातळ त्या दिवशी फुकियालाच जायचं ठरलं होतं आणि नंतर राहूनच गेलं. पूर आल्याचं वाचलं तेव्हा पहिले ते आजी-आजोबा आठवले होते. पत्ता नव्हता माझ्याकडे.

बोरीबाभळी
बोक्याचा फोटो टाका की.

भीमातीर
मी कोयासान लिहितो. वाकायामा प्रांतात डोंगरावर ८०० मीटरच्या आसपास एक गाव, शंभरावर मठ. गोकुराकुबाशीपर्यंत आगगाडी, मग केबल कार. बाबांना घेऊन गेलो होतो, २०१९ चा मार्च. बाबा एसटीत कंडक्टर होते, ३४ वर्षं. निवृत्तीनंतर एकच सांगत होते, मला तो पुतळा बघायचाय.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ मध्ये करार झालाय, त्यातून ते झालं.

आम्ही पोचलो तेव्हा बर्फ वितळून कडेला राखाडी ढीग उरले होते. आवारात कोणी नाही. बाबांनी बूट काढले. मी म्हटलं बाबा पाय गोठतील. ऐकलं नाही. मोज्यांवर ओल्या फरशीवर उभे राहून त्रिसरण पंचशील म्हटलं, पूर्ण. मी पण म्हटलं. मागून दोन विद्यार्थी येत होते ते थांबले, हात जोडले, आमचं होईपर्यंत हलले नाहीत. बाबांनी खिशातून रुमाल काढून चबुतऱ्यावरचं पाणी पुसलं. सोलापूरला आमच्या चौकात जयंतीच्या आदल्या रात्री ते असंच पुसायचे.

रात्री मठात मुक्काम. सरकती कागदी दारं, जमिनीवर गादी, रॉकेलच्या शेगडीचा वास. जेवण सगळं शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही (पाणकोंबडी, तुम्ही इथे जा!). तिळाचं तोफू असतं, गोमादोफू. तोफू नावाला, त्यात सोयाबीन नाही, तीळ वाटून कुझू नावाच्या कंदाच्या पिठात शिजवून थापतात. बाबा म्हणाले, ही तर तिळाची खांडवी.

पहाटे सहाला प्रार्थना. तिथे अग्नी पेटवून आहुत्या देतात, त्याला गोमा म्हणतात, म्हणजे आपला होम. (तीळ पण गोमा आणि होम पण गोमा, शब्द वेगळे आहेत, लिहितात वेगळे.) बाबांना ते बघून धक्काच बसला. आमच्या विहारात असलं काही नसतं, आणि आम्ही ज्या गोष्टी सोडून आलो त्यातलीच ही एक. ते बराच वेळ गप्प होते. मंत्र संपताना सारखं "सोवाका, सोवाका" येत होतं. मी नंतर तिथल्या तरुण भिक्खूंना विचारलं, ते म्हणाले हा संस्कृत "स्वाहा". थडग्यांवरच्या उंच फळ्यांवरही आपल्या लिपीच्या घराण्यातली अक्षरं आहेत, सिद्धम् म्हणतात. बाबांना त्यातला "अ" ओळखता आला.

परतीच्या गाडीत बाबा म्हणाले, "बुद्ध इथपर्यंत चालत आला, वाटेत ज्याने जे दिलं ते त्याच्या झोळीत पडलं." एवढंच. त्यावर आम्ही परत बोललो नाही. बाबा गेले २०२१ च्या एप्रिलमध्ये. तो रुमाल माझ्याकडे आहे.

नीलपंख
भीमातीर दादा, काय लिहिलंत. बाबांना नमस्कार.

कातळ
__/\__

वैनगंगा
जय भीम भाऊ. मी नागपूरची. आपले भंते सुरई ससाई मूळचे ओकायामा प्रांतातल्या नीमीचे. रानजाई ज्या रेल्वेने गेल्या ना, तीच लाइन पुढे नीमीला जाते. मी २०२३ मध्ये मुद्दाम उतरले तिथे. स्टेशनातल्या बाईंना मी फोनवर दीक्षाभूमीचा फोटो दाखवला, त्यांनी तो जवळ घेऊन बराच वेळ पाहिला. पाऊस होता, गावात फार फिरता आलं नाही. पण ज्या डोंगरातून एक पोरगा निघून आमच्या इंदोऱ्यात येऊन राहिला, ते डोंगर पाहून आले.

रानजाई
@वैनगंगा हे मला माहीतच नव्हतं! मी नीमीची पाटी पाहिलीये गाडीवर. अंगावर काटा आला.
@भीमातीर तुमचं परत परत वाचतेय.

चिंचगूळ
एक डब्याच्या गाडीबद्दल कोणीच कसं नाही लिहिलं? गावाकडच्या गाड्यांत ड्रायव्हर एकटाच, वानमान म्हणतात. मागच्या दाराने चढायचं, यंत्रातून चिठ्ठी ओढायची, तिच्यावर नंबर. पुढे फलक असतो, त्यात त्या नंबराखाली भाडं वाढत जातं. उतरताना पुढच्या दाराने, पैसे आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. स्टेशनवर चिटपाखरू नसतं. सुटे नसतील तर तिथेच यंत्रात आधी सुटे करून घ्यायचे, मी ते न केल्याने सगळी गाडी खोळंबली होती. ड्रायव्हरने स्वतः उठून नोट मोडून दिली आणि मलाच वाकून नमस्कार केला. आमच्या लेकीला मात्र त्या चिठ्ठ्या जमवायच्या होत्या, डब्यात टाकाव्या लागतात म्हणून पाच दिवस रडली.

खडीसाखर
लेकीला स्टेशनचे शिक्के सांगा! बऱ्याच स्टेशनांत शाई आणि शिक्का ठेवलेला असतो, वही न्यायची आणि उमटवून घ्यायचा. माझ्याकडे ४१ आहेत. (हो, जाऊन आलेय मी, लिहिते नंतर, पोळ्या व्हायच्यात.)

चिंचगूळ
पुढच्या वेळी नक्की. तुमच्या पोळ्या होऊ देत.

तारपा
माझं माहेर डहाणू. चित्रकला शिकवते. हा धागा गेरूपासून सुरू झाला म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नीगाता प्रांतात तोकामाची म्हणून गाव आहे, तसं नगरपालिकेचं पण डोंगरात विखुरलेलं. तिथे एका बंद पडलेल्या प्राथमिक शाळेत मिथिला म्युझियम आहे. तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये सुरू केलं. मधुबनी आहेच, पण वारली चित्रंही आहेत. आमचे जिव्या सोमा म्हसे तिथे राहून चित्रं काढून आलेत! लहानपणी आम्ही त्यांना गंजाडच्या बाजूला पाहिलेलं, साधी बनियन, पांढरं केलेलं बोट. २०११ मध्ये पद्मश्री, २०१८ मध्ये गेले.

मी फेब्रुवारीत गेले, सगळे म्हणत होते नको जाऊस. दोन माणसं उंच बर्फ. त्या भागात रस्त्याच्या मधोमध नळ्या असतात, त्यातून भूजल उडत राहतं बर्फ वितळवायला, आणि पाण्यातल्या लोहाने रस्ते तांबडे पडलेत. पांढऱ्याशुभ्र बर्फात तांबडा रस्ता. गेरूवर तांदळाच्या पिठीचं चित्र उलटं करून ठेवलं तर कसं दिसेल, तसं.

शाळेत बूट काढून सपाता घालायच्या. वर्गाच्या भिंतीवर तारप्याचा नाच. मी जवळ गेले. म्हसेंची रेष अशी की माणसं दोन त्रिकोणांची, पण प्रत्येकाचा पाय वेगळा उचललेला. मासेमारीचं जाळं इतकं बारीक की एक एक टाका मोजता येतो, आणि कुठेच घट्ट नाही, वाऱ्याने हललेलं वाटतं. बाहेर बर्फ पडत होता, आवाज कसलाच नाही. आमच्या पाड्यावरचा भर उन्हाळ्यातला नाच त्या थंड वर्गात चालू होता. मी तिथे खालीच बसले. सांभाळणाऱ्या काकांनी काही न विचारता हीटर माझ्याजवळ सरकवला.

दुपारी हेगीसोबा खाल्ला. शेवया लाकडी ताटात आट्यांसारख्या घड्या घालून मांडतात. पीठ धरायला त्यात फुनोरी हे समुद्री शेवाळ. गाव विणकरांचं, रेशमी किमोनोचं. सुताला खळ द्यायला जे शेवाळ घरात असायचं, तेच पिठात गेलं. मला हे फार आवडलं.

पाणकोंबडी
सोबा बुडवायच्या पाण्यात दाशी असतो का?

तारपा
@पाणकोंबडी असतो. मी मीठ लावून खाल्ला.

बोरीबाभळी
तारपा, इचलकरंजीत आमच्या घरी माग होते. खळीचा वास नाकात आला एकदम. आजी कांजी करायची खळीसाठी, उरलेली आम्हाला मीठ घालून प्यायला.

पेरणी
शिराकावागो. सगळे फोटो काढायला जातात, मी छप्परं बघायला गेलो. ओगिमाची नावाची वाडी, १९९५ पासून जागतिक वारशात. उतरती छप्परं ६० अंशांच्या आसपास, बर्फ घसरून जावा म्हणून. त्या बांधणीला गाश्शो म्हणतात, गाश्शो म्हणजे जोडलेले हात. नमस्कार! आढ्याच्या लाकडांत खिळा नाही, दोऱ्या आणि कोवळ्या फांद्यांच्या वेढ्यांनी बांधलेलं. माळ्यावर रेशमाचे किडे पाळत.

शाकार ३०-४० वर्षांनी बदलावा लागतो. एका घराला शे-दोनशे माणसं लागतात आणि गावकरीच एकमेकांकडे जाऊन करतात, त्याला युई म्हणतात. अहो, हे आमचं इर्जिक! माझ्या आजोबांच्या वेळी नांगरट अशीच व्हायची, ज्याच्या रानात इर्जिक त्याच्याकडे जेवण. कोणी किती माणसं दिली ते तिथे वहीत लिहून ठेवायचे, पुढच्या वेळी तेवढी परत करायची. आमच्याकडे वही नव्हती, पण विसरत कोणी नसे. आज आमच्या गावात ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो. मी मोठा झाल्यापासून एकही इर्जिक पाहिलं नाही.

@नीलपंख, किनोसाकी तोयोओकाच्या हद्दीत येतं. तिथले करकोचे बघितलेत का? १९७१ मध्ये तिथला शेवटचा रानटी करकोचा मेला. मग पाळून वाढवले आणि २००५ मध्ये सोडले. त्यासाठी भातशेतीची औषधं कमी केली, खाचरात पाणी जास्त दिवस ठेवायला लागले, म्हणजे बेडूक, मासे जगतात. त्या तांदळाला भाव वेगळा मिळतो. शेतकऱ्याला परवडेल असं करून पक्षी परत आणला, हे शिकण्यासारखं आहे.

नीलपंख
@पेरणी हो! गाडीतून एक दिसला शेतात उभा. सासूबाई म्हणाल्या बगळा केवढा मोठा.

सुपारी_कातरणारी
मी जपानला गेले नाही, जाणं होणारही नाही, गुडघे आणि पासपोर्ट दोन्ही संपले. पण मुलगा आओमोरीकडे कामाला होता दोन वर्षं. करोनात अडकला, बाबांच्या वेळीही येऊ शकला नाही. त्या जुलैत त्याने मला व्हिडिओवर इनाकादातेचं शेत दाखवलं. वेगवेगळ्या रंगाच्या पानांचा भात लावून शेतात चित्र काढतात, १९९३ पासून. गावच्या कचेरीच्या मनोऱ्यावरून पूर्ण दिसतं. तो फोन फिरवत होता आणि मला शेत नको होतं, मला त्याचा चेहरा बघायचा होता. म्हटलं पुरे रे, कॅमेरा इकडे कर.

आता तो पुण्यात आहे. गेल्या पावसाळ्यात मला डोणज्याला घेऊन गेला, सिंहगडाच्या पायथ्याशी. तिथेही भाताचं चित्र लावतात. ते मात्र मी नीट पाहिलं. हिरव्यात जांभळा भात.

रानजाई
काकू 🙏 मुलगा जवळ आला, हे फार बरं झालं.

दुपारचा_चहा
काकू, मिठी. माझीही आई असंच म्हणते, कॅमेरा इकडे कर.

साकव
इया खोरं, शिकोकू बेट. माझं नाव बघून कळेलच का गेलो ते. तिथे वेलींचा पूल आहे, काझुराबाशी. ४५ मीटर लांब, नदीपासून १४ मीटर वर, दर तीन वर्षांनी नव्या वेलींनी परत बांधतात. आत आता पोलादी दोर असतात. पायाखालच्या फळ्यांत वीतभर फट, खाली हिरवं पाणी. कोकणात आमच्या वाडीचा साकव दर पावसाळ्याआधी गावाने मिळून बांधायचा, बांबू आणि सुपारीच्या खोडांचा, त्यामुळे मला भीती नाही वाटली, घरी आल्यासारखं झालं. बायकोने मात्र दोन्ही हातांनी वेल धरून "परत फिरा" चालवलं होतं.

वर नागोरो नावाची वस्ती. माणसं तिसाच्या आत आणि कापडी बाहुल्या कितीतरी जास्त. गावातून जे गेले, मेले, त्यांच्या आठवणीला एका बाईंनी करायला सुरुवात केली. बसथांब्यावर बाहुल्या, शेतात बाहुल्या, बंद शाळेत बाकांवर बाहुल्या आणि बाहुलीच मास्तरीण. लोक म्हणतात भीती वाटते. मला नाही. आमच्या वाडीत १९ घरांपैकी ११ ना कुलूप आहे. गणपतीला उघडतात. तिथे उभा राहून मी मनात एकेका घराला नाव देत होतो.

भीमातीर
साकव भाऊ, कोणता तालुका?

साकव
राजापूर. तुम्ही आलात तर कुलूप उघडून देतो, आंब्याला या.

चिंचगूळ
आम्ही पण येऊ का? चौघं आहोत.

साकव
या की. साकव आता सिमेंटचा आहे, वहिनींना घाबरायला नको.

खडीसाखर
पोळ्या झाल्या. पण आता साकवांच्या बाहुल्यांनंतर माझ्या शिक्क्यांचं काय लिहू. उद्या लिहिते.

रानजाई
नक्की लिही. संध्याकाळी वृंदावनाला दुसरा हात मारला, आता छान लाल झालंय. @दुपारचा_चहा, ताईच्या पिशवीत दोन पुड्या टाकल्यात, एक तुला. दुसरी फुकियाला पाठवायचीय. नातवाने तेव्हा फोनवर दुकानाचं नाव सांगितलं होतं ते वहीत सापडलं आज. नुसतं दुकानाचं आणि गावाचं नाव लिहिलं तर टपाल पोचेल का तिथे? कोणाला माहीत आहे का?

चिंचगूळ
लहान गाव आहे, पोचेल बहुतेक. नाव जपानीत लिहा, खाली इंग्रजीत. मी लिहून देते, व्यनि करा.